उबीनच्या चढावरचा कंट्रोलर

बिशान, १२ एप्रिल २०१५

प्रिय साधनाताई,

"राणीमावशी, बाबा व्हाय नेव्हर से सॉरी टू आई वन?" चांगी विमानतळावर तुम्ही बॅगा वजनाला लावत होतात, तेव्हा अवनीने तिच्या सिंगापुरी इंग्रजीत मला हे विचारलं. तिचा हात गळ्यातल्या पट्टीत होता.   मी तिला चॉकलेट घेऊन देते म्हणाले, तर मान हलवून म्हणाली, "यू ऑल्सो डोन्ट नो, लाह." मग तुम्ही तिला हाक मारलीत आणि ती गेली.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. मेसेज वाचता, पण पुढे काही नाही. म्हणून हे पत्र. पुण्याला पोचायला आठवडा तरी लागेल आणि तेवढ्यात तुमचा राग थोडा उतरला असेल, असा माझा भाबडा हिशोब आहे.

तुम्ही गेल्यावर मी लगेच तुमच्या घरातली खोली सोडली. तुम्ही नसताना तिथे राहणं बरं दिसलं नसतं. आता आंग मो किओला कंपनीच्या जवळच खोली घेतली आहे. रविवारी मात्र श्रीनिवासदादांना डबा देऊन येते. आजही तिथेच बसून लिहिते आहे. दादा बरे आहेत असं लिहायला हवं, पण ते बरे नाहीत. खिचडी करतात आणि तीच दुसऱ्या दिवशी खातात. मघाशी दार उघडून म्हणाले, "या चीफ इंजिनिअर. पसाऱ्याकडे बघू नका, तो माझ्याकडे बघत नाही." तुमची गॅलरीतली कढीलिंबाची कुंडी त्यांनी वाळू दिलेली नाही. अवनीच्या खोलीचं दार मात्र बंद ठेवतात.

तुम्ही मागवलेला तिचा शाळा सोडल्याचा दाखला आला आहे. दादांनी तो पाकिटात घातला, वर तुमचा पत्ता लिहिला, आणि आता ते पाकीट टीव्हीशेजारी पडून आहे. कामावर जाताना उचलतात, परत येताना तसंच घेऊन येतात. म्हणतात, "जूनमध्ये तिकडच्या शाळा उघडतात, पाठवायला हवा." ताई, एकदा अवनी पुण्याच्या शाळेत बसली की तुम्ही दोघी परत येणार नाही, हे त्यांना कळतं. मलाही कळतं.

तुमचा राग मला समजतो. तुमची अट एकच होती, अवनी मागे बसणार असेल तर दादांची ती मोटरवाली सायकल, इलेक्ट्रिक बाइक, हळूच चालली पाहिजे. आणि हॉस्पिटलमध्ये पोलिसांनी तुमच्यासमोर सांगितलं, की बाइकचा मूळचा छोटा कंट्रोलर काढून भलताच ताकदवान बसवला आहे. तुम्ही विचारलंत, "कोणी बसवला?" दादा म्हणाले, "मीच." तुम्हाला वाटलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला पुन्हा तरुण व्हायची हौस आली, त्याने तुमच्या पाठीमागे हा उद्योग केला आणि त्या हौसेत मुलीचं कोपर मोडलं.

पण ते वेगात नव्हते, ताई. उबीन बेटावर बाइक पडली त्या वेळी तुम्ही खाली जेटीवर होतात. मी त्यांच्या मागेच होते. चालणारा माणूस पुढे गेला असता इतकी हळू बाइक होती. एवढं तरी माझ्यावर विश्वास ठेवून माना. दाखल्याची घाई करू नका.

तुमची,
राणी

आंग मो किओ, २० एप्रिल २०१५

प्रिय साधनाताई,

मागच्या पत्राला तुमचं उत्तर यायच्या आत दुसरं लिहिते आहे, कारण ते पत्र अर्धं होतं.

काल इथल्या आमच्या मंडळींनी भीमजयंतीचा कार्यक्रम केला. एका कम्युनिटी क्लबची खोली घेतली होती. मला मुलांपुढे शिक्षणावर बोलायचं होतं. घरातली पहिली पदवीधर, कामठीहून सिंगापूरपर्यंत वगैरे. तुम्हीही मला मंडळाच्या गणपतीत अशीच ओळख करून द्यायचात, "ही आमची राणी," आणि मी लाजून तुमच्या मागे व्हायचे. काल भाषणाआधी सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी ते बोलायला लागल्यापासून म्हणत आले आहे. काल "मुसावादा" एवढंच आलं आणि पुढे माझा आवाज निघेना. शेजारच्या बाईंना वाटलं मला गहिवरून आलं. त्यांनी पाठीवर हात ठेवला. मग मी पुढे जाऊन मुलांना सांगितलं, शिकलेल्या माणसाने खऱ्याला भिऊ नये. टाळ्या पडल्या.

तो कंट्रोलर मी निवडला. मी मागवला, मी बसवला. दादांना त्याची ताकद ठाऊक नव्हती.

जानेवारीत उबीनला जुना कंट्रोलर जळला ते तुम्हाला आठवत असेल. दादा बाइक ढकलत जेटीवर आले आणि तुम्ही नारळपाणी पीत म्हणालात, "पाय चालवणारे कधीच पोचले, विजेवाले आत्ता येतायत." परत येताना त्या छोट्या फेरीबोटीत, बंबोटमध्ये, दादा मला म्हणाले, "नवीन डबा तूच निवड. अटी दोन. हळू जाणारा हवा. बायको पुढे गेली पाहिजे, नाहीतर घरातलं माझं प्रमोशन कायमचं थांबेल. आणि परत जळायला नको." पहिली अट तुमची होती. दुसरी मी जास्त मनावर घेतली.

कंट्रोलर म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मधली पेटी. मोटरला किती वीज सोडायची ते ती ठरवते. आत मॉस्फेट नावाचे छोटे स्विच असतात. जितके जास्त, तितका कंट्रोलर दमदार. मी तीन प्रकार पाहिले. सहा मॉस्फेटचा म्हणजे जुन्याचाच भाऊ. बाराचा मधला. आणि अठराचा, लांबलचक, बाहेर ॲल्युमिनियमच्या पंखांसारख्या कडा. सहाचा पुन्हा जळेल म्हणून सोडला. बाराचा पुरला असता. पण आमच्या कंपनीत आम्ही पॉवर सप्लाय बनवतो, आणि पहिल्या दिवसापासून एकच शिकवलं जातं: लागतं त्याच्या दुप्पट ताकदीचा घ्या. भार निम्मा, म्हणजे माल थंड, म्हणजे सुरक्षित. मला वाटलं मोठा म्हणजे जास्त सुरक्षित. अवनी मागे बसणार होती म्हणूनच मी सगळ्यात मोठा घेतला. हे वाक्य लिहिताना मलाच ते सहन होत नाही, पण ते तसंच आहे.

तुम्हाला सोप्या भाषेत सांगते. पॉवर सप्लाय म्हणजे गच्चीवरची टाकी. टाकी मोठी असली म्हणून खालचा पेला वाहून जात नाही. नळ उघडाल तेवढंच पाणी येतं. मी कंट्रोलरला टाकी समजले. तो नळ असतो. त्याचं तोंड जेवढं मोठं, तेवढी वीज चढावर मोटरमध्ये घुसते आणि मोटर ती सगळी ओढते. 

वेग मी बांधून टाकला होता. तशी सेटिंग असते. धोका वेगात असतो एवढंच मला ठाऊक होतं. जोर बांधायचीही सेटिंग होती. तिला मी हात लावला नाही. जोर कमी केला तर दादांना चढ चढवणार नाही, असं वाटलं.

तपासलासुद्धा होता, ताई. चाक जमिनीवरून उचलून फिरवलं. अधांतरी चाकाला कसला भार, कंट्रोलर थंडगार. मग बिशानच्या बागेत मी स्वतः बाइक चालवली. सपाट रस्ता आणि माझं वजन ते काय. तरीही थंड. मी दादांना अभिमानाने म्हणाले, "हात लावून बघा." त्यांनी लावला आणि म्हणाले, "हा तर माझ्या बॉसपेक्षा थंड डोक्याचा आहे."

मोटर मागच्या चाकातच असते. तिचा आस फ्रेमच्या दोन खाचांत बसतो, दोन्हीकडून नट आवळलेले. मोटर चाकाला जितक्या जोराने पुढे लोटते, तितक्याच जोराने तो आस उलटा फिरू बघतो. जोर मोठा असला तर तो धरून ठेवायला एक पोलादी पट्टी लावावी लागते. मी लावली नाही. ती लागते हेच मला माहीत नव्हतं. मी विजेकडे पाहत राहिले, लोखंडाकडे पाहिलंच नाही.

त्या रविवारी चढावर रानडुकरीण आणि तिची पिल्लं रस्ता ओलांडत होती. अवनी म्हणाली, "बाबा, स्टॉप, स्टॉप, सो क्यूट." दादा थांबले. पिल्लं झाडीत गेली आणि दादांनी तिथूनच, अर्ध्या चढावरून, बाइक पुन्हा सुरू केली. उभ्या चढावर, दोघांचं वजन. कंट्रोलरने होतं नव्हतं ते सगळं सोडलं. आस खाच फोडून फिरला, वायरी उपसून निघाल्या, चाक तिरकं होऊन अडकलं आणि बाइक दगडांच्या बाजूला आडवी झाली. अवनीने हात टेकला.

बाइकवर सरकारी मंजुरीचं सील होतं. कंट्रोलर बदलला की ते सील खोटं ठरतं, हेही मला माहीत होतं. मी स्वतःची समजूत घातली, की वेग तर मंजुरीच्या आतच आहे.

परतीच्या बंबोटमध्ये तुम्ही अवनीला मांडीवर घेऊन पुढे बसला होतात. दादा माझ्याकडे झुकून म्हणाले, "पोलिसांनी विचारलं तर तू गप्प राहा. मी पीआर आहे, इथला कायमचा रहिवासी, दंड भरून सुटेन. तुझा नोकरीचा पास गेला तर कामठीचं घर बसेल." मी मान हलवली. 

म्हणून ते "मीच" म्हणाले. म्हणून ते सॉरी म्हणत नाहीत. म्हणायचंच असतं तर माझ्या वतीने म्हणावं लागलं असतं.

तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. दादांना म्हणू नका.

राणी

आंग मो किओ, १७ मे २०१५

साधनाताई,

तुमचं पत्र मिळालं. थोडक्याच ओळी आहेत. मला त्या पाठ झाल्या आहेत.

"राणी, हे पत्र श्रीने तुझ्याकडून लिहवून घेतलं आहे, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. तू आमच्याकडे राहिलीस, त्याची अशी परतफेड करू नकोस. तुझ्यासारख्या मुलीच्या हातून अशी चूक होईल हे मला पटत नाही. आणि खरं असतं तर माझ्या नवऱ्याने निदान मला, चार भिंतींच्या आत, सांगितलं नसतं? इतके दिवस मी त्याला नाही नाही ते बोलले आणि तो ऐकत राहिला, तो काय तुझ्यासाठी? बोलायला काय जातं. दाखला पाठवायला सांग."

मी रागावले, हे तुम्हाला सांगायला हवं. मी पहिल्यांदा इतकं खरं बोलले आणि तुम्ही म्हणता, तू असं करूच शकत नाहीस. माझ्या मार्कांवर तुमचा माझ्या शब्दापेक्षा जास्त विश्वास आहे. दिवसभर मनातल्या मनात तुमच्याशी भांडत होते. मग संध्याकाळी लक्षात आलं, की तुमचा प्रश्न बरोबर आहे. नवरा बायकोपासून असं का लपवेल? मागच्या पत्रात त्याचं उत्तर नाही. ते मी गाळलं होतं.

दादा तुम्हाला सांगणार होते. त्याच दिवशी. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, पाण्याच्या मशीनजवळ ते मला म्हणाले, "पोलिसांचं राहू दे. पण साधनाला आज घरी गेल्यावर सांगतो. तिच्यापासून नाही लपवता येणार."

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "नको दादा. ताईंना नका सांगू."

ते म्हणाले, "अगं, ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. मग ठीक होईल."

मी म्हणाले, "पास गेला तरी चालेल. पण ताईंना नको."

 मग दादा म्हणाले, "बरं. तू म्हणशील तेव्हा."

तर ते पासाचं नव्हतं, ताई. पासाची भीती दादांना होती, माझ्यासाठी. मला तुमची होती.

लहानपणी कोणाच्या घरी गेले की मी उंबऱ्याशीच थांबायचे. आत बोलावलं तरी पाणी मागायचे नाही. हे कोणी शिकवलं नव्हतं, आईकडे बघून आलं. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी तुम्ही फ्रीज उघडून म्हणालात, "यातलं काहीही घे. विचारलंस तर रागवेन." आईशी फोनवर बोलताना मी "जय भीम" तोंडाशी हात धरून म्हणायचे. तुम्ही स्वयंपाकघरातून ओरडलात, "मोठ्याने म्हण गं, शेजाऱ्यांना मराठी येत नाही आणि मला चालतं." दादा हसले, मी हसले, आणि नंतर खोलीत जाऊन रडले.

त्या घरात मी नेहमी घेणारीच होते. दिवाळीला मला काय आणावं सुचायचं नाही, तुमच्याकडे सगळंच होतं. तो कंट्रोलर ही मी तुम्हाला देऊ शकेन अशी पहिली गोष्ट होती, जी तुमच्यापैकी कोणालाच निवडता आली नसती. म्हणून बाराचा पुरत असताना अठराचा घेतला. सगळ्यात मोठा, सगळ्यात चांगला. दादा किमतीचं विचारत होते, मी सांगितलं नाही. आणि तोच देऊन मी तुमच्या मुलीचा हात मोडला. हे तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही माझ्याकडे कसं पाहिलं असतं, ते मला बघायचं नव्हतं. म्हणून तुम्ही तुमच्या नवऱ्याकडे तसं पाहू लागलात आणि मी बघत राहिले.

एक शेवटचं. तुम्ही बॅगा भरत होतात त्या दिवशी दादा हॉलमध्ये उभे होते. तुम्ही म्हणालात, "मुलीपेक्षा तुला तुझी मौज मोठी वाटली." दादांनी माझ्याकडे पाहिलं. बोल, असं नाही, नुसतंच पाहिलं. त्यांनी शब्द दिला होता आणि तो मोडायची परवानगी माझ्याकडे होती. मी स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले.

तुम्हाला तो नळाचा आवाज आठवत असेल. तुम्ही आतून म्हणालात, "राणी, पाणी वाया घालवू नकोस."

दाखल्याचं दादांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात टाकतो. मी हे पत्र लिहिते आहे ते त्यांना माहीत नाही. माहीत असतं तर त्यांनी लिहू दिलं नसतं.

राणी

आंग मो किओ, ६ जून २०१५

साधनाताई,

या वेळी तुमचं उत्तर आलं नाही. बोलायला काय जातं असं तुम्ही लिहिलं होतं. ते खरं आहे. माझ्या दोन्ही पत्रांत माझं काहीच गेलं नव्हतं. उपकाराखाली असलेली मुलगी घरमालकासाठी खोटं लिहू शकते, आणि ते खोटं अगदी अशाच खऱ्यासारखं दिसेल. हे मला आधी कळायला हवं होतं.

आधी कामठीला फोन केला. आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. कंट्रोलर काय असतो ते तिला कळलं नाही, पण बाकी सगळं कळलं. बाबा मागे उभे होते, ते म्हणाले, "पोरीला परत यावं लागते काय?" आई त्यांना गप्प बसवून मला म्हणाली, "त्या लेकराचा हात सुदा होते का नाही, ते सांग पयले." हात सरळ होतोय की नाही, मला माहीत नव्हतं. मी इतकी पत्रं लिहिली आणि तुम्हाला अवनीचा हात कसा आहे ते एकदाही विचारलं नाही. आता विचारते. सांगावंसं वाटलं तर सांगा.

मग कंपनीतले आमचे तान साहेब. त्यांना मी सुट्टी मागताना कारण खरं सांगितलं. ते थोडा वेळ टेबलावरचा पेन फिरवत राहिले. म्हणाले, "यू आर अ पॉवर सप्लाय पर्सन. ऑफ कोर्स यू विल मेक धिस मिस्टेक." मला ते बोलणं दयेसारखं वाटलं आणि शिक्षेसारखंही. पुढे म्हणाले, माझ्या पासची मुदत लवकरच संपते आहे, केस चालू असताना कंपनी नवीन अर्ज करेल असं ते सांगू शकत नाहीत. मी म्हणाले, समजलं.

दादांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते माझ्याआधी पोलिसांकडे जाऊन बसले असते.

मंगळवारी सकाळी, दादांची केस ज्या अधिकारी बाईंकडे आहे, त्यांच्याकडे गेले. हिजाब घातलेल्या, माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनाही पहिल्यांदा तुमच्यासारखंच वाटलं. "तुम्हाला कोणी पाठवलं? मिस्टर श्रीनिवासने?" मी नाही म्हणाले. "तुम्ही त्यांच्या घरी राहायचात ना? मग तुम्ही त्यांना मदत करणारच." मी म्हणाले, "मला जोडणी विचारा."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मी बॅटरीपासून मोटरपर्यंतची एकेक वायर काढली. पिवळ्या वायरचा सांधा झाकायला माझ्याकडची काळी नळी संपली होती, म्हणून तिथे निळी चढवली होती, तेही लिहिलं. त्यांनी फायलीतला बाइकचा फोटो काढून पाहिला. निळी नळी तिथेच होती. मग त्या खुर्चीत नीट बसल्या आणि म्हणाल्या, "मिस, आता इथून पुढे तुम्ही जे बोलाल ते मी टाइप करणार आहे."

दुपारी त्यांनी दादांना फोन करून बोलावून घेतलं, आधीचा जबाब बदलायला. दादा मला बाहेरच्या बाकावर बसलेली बघून थांबले. मला वाटलं रागावतील. रागावलेच. म्हणाले, "मूर्ख आहेस. मी सुटलो असतो यातून." मी म्हणाले, "पोलिसांच्या तावडीतून सुटला असतात, दादा." ते शेजारी बसले.  मग त्यांनी विचारलं, जेवलीस का. 

दाखल्याचं पाकीट अजून टीव्हीशेजारीच आहे. ते पाठवायचं की नाही हे तुमच्या दोघांत आहे. मी त्याबद्दल आता काही मागत नाही. माझा पासपोर्ट केस संपेपर्यंत पोलिसांकडे राहील. पुढे काय होईल ते मला माहीत नाही आणि ते तुमच्यावर ओझं म्हणून लिहीत नाही.

दादा यायच्या आधी जे झालं ते शेवटी लिहायचं ठेवलं आहे. जबाब टाइप झाल्यावर अधिकारी बाईंनी तो मला वाचून दाखवला. कंट्रोलर मी निवडला, मी बसवला, जोराची मर्यादा मी घातली नाही, पट्टी मी लावली नाही, सील खोटं पडतं हे मला माहीत होतं, सगळं आलं होतं. मी म्हणाले, एक वाक्य राहिलं. मिस्टर श्रीनिवास त्याच दिवशी आपल्या बायकोला खरं सांगणार होते आणि मी त्यांना सांगू दिलं नाही.

त्या म्हणाल्या, "त्याचा केसशी संबंध नाही. उलट ते तुमच्या विरुद्ध जाईल. तुम्ही दुसऱ्याला खोटं बोलायला लावलंत असा अर्थ होईल. हे नसलं तरी चालतं."

मी म्हणाले, तरी लिहा.

त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? मग ते वाक्य टाइप केलं, कागद नव्याने छापला, आणि त्या वाक्याखाली मी सही केली.

राणी